दिव्याच्या खांबाखाली

अनुराग बसूंच्या ‘बर्फी!’ (२०१२) ह्या चित्रपटात प्रेमाची एक परीक्षा आहे. बर्फी रस्त्यावरच्या दिव्याचा लाकडी खांब बुंध्याशी कापून ठेवतो, ज्याला पारखायचे त्याचा हात धरून त्या खांबाखाली उभा राहतो आणि खांब कलंडू लागला की कोण हात सोडून पळते ते पाहतो. बाकीचे पळतात. झिलमिल पळत नाही. खांब दोघांना न लागता कोसळतो आणि प्रेक्षकाला कळते, की खरे प्रेम सापडले. ह्या जागी अनेकांनी डोळे पुसले असतील. माझे भांडण त्या खांबाशी आहे.

झिलमिल ऑटिस्टिक आहे. मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो तशी. चित्रपट हे लपवत नाही, उलट त्याच्यावरच उभा आहे. म्हणून एक साधा प्रश्न विचारायला हवा. ती खांबाखाली थांबली ती बर्फीवर विश्वास होता म्हणून, की खांब डोक्यावर येतो आहे ह्याचा अर्थ त्या क्षणी तिच्यापर्यंत पोचलाच नाही म्हणून? पहिली गोष्ट निवड आहे, दुसरी योगायोग. दिग्दर्शकाला हे अंतर स्पष्ट करावेसे वाटत नाही, कारण त्या धूसरपणातच दृश्याची गोडी आहे. जे पळाले त्यांनी केले तरी काय? कोसळत्या लाकडाखालून कोणीही शहाणा माणूस जे करील तेच. पण चित्रपटाच्या न्यायात ते दोषी ठरतात आणि जिला पळण्याचे सुचले नाही ती कसोटीला उतरते. समज हा प्रेमातला दोष आणि असमज हा गुण, असा हा हिशेब आहे. ऐकायला तो काव्यमय वाटतो. एखाद्या स्वमग्न मुलीच्या आईने मात्र तो ऐकून घाबरावे, कारण जिला धोका कळत नाही तिच्याजवळ जाणे सोपे असते हे ओळखणारे सगळेच काही बर्फी नसतात.

प्रियांका चोप्राने ह्या भूमिकेसाठी घेतलेली मेहनत दिसते, आणि चित्रपटात खऱ्या जागाही आहेत. करंगळीत करंगळी अडकवून चालणे ही एक. श्रुतीला पाहून झिलमिलने दुखावणे, निघून जाणे ही दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. मत्सर करणारे माणूस काहीतरी मागत असते. आपला वाटा सांगत असते. तो धागा धरून चित्रपट पुढे गेला असता तर वेगळा झाला असता. पण झिलमिलच्या मागणीला तो फार वेळ देत नाही आणि शेवटी रुग्णालयाच्या एकाच खाटेवर दोघांना बरोबरच मरण देऊन संसाराचे, भांडणाचे, एकट्याने उरण्याचे सगळे प्रश्न निकालात काढतो. जे प्रेम समाजाला पेलत नाही त्याला कथाकाराने मरण द्यावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. इथे ते मरण फार देखणे केले आहे, एवढाच फरक.

माझा मुद्दा असा, की आपल्या पडद्यावरच्या स्वमग्न प्रेमिकाला सगळे दिले जाते, फक्त नकार दिला जात नाही. त्याला किंवा तिला ‘मला हा नको, तो हवा’ म्हणता येत नाही. हात लावू नकोस म्हणता येत नाही. चुकीच्या माणसाच्या प्रेमात पडून पस्तावता येत नाही. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराची किंमत काय, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको. आपल्या सगळ्या प्रेमकथा ह्या प्रश्नावर उभ्या आहेत.

करण जोहरचा ‘माय नेम इज खान’ (२०१०) ह्या बाबतीत थोडा पुढे जातो, आणि मग दुप्पट मागे येतो. रिझवानला अॅस्पर्जर सिंड्रोम आहे. त्याला मंदिरा आवडते, तो तिच्या मागे लागतो, लग्नाचे विचारतो. तीही अट घालते: सॅन फ्रान्सिस्को शहरातले मी न पाहिलेले काही दाखव. तो दाखवतो. इथपर्यंत दोन प्रौढ माणसे आहेत, एक मागतो आहे आणि एक ठरवते आहे. पण पुढे मंदिराचा मुलगा मारला जातो. दुःखाने बेभान झालेली मंदिरा नवऱ्याला घराबाहेर काढताना रागाच्या भरात म्हणते, की जा, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जाऊन सांग की तू दहशतवादी नाहीस. रिझवान ते शब्दशः घेतो आणि देशभर भटकत निघतो. वाचकांच्या लक्षात आलेच असेल: हा तोच दिव्याचा खांब आहे. रागातले बोलणे रागाचे म्हणून न कळणे ही जी अडचण, तीच पटकथाकाराने निष्ठा करून टाकली. रिझवानला तो उपहास कळला असता, तर त्यालाही राग आला असता. दोघे भांडले असते, एका मुलाच्या मरणाने मोडलेले दाम्पत्य म्हणून आपण त्यांना पाहिले असते. त्याऐवजी आपल्याला एक संत मिळाला. संतांशी संसार करता येत नाही, हे आपल्या संतांच्या बायकांना फार पूर्वी कळले होते.

‘रेन मॅन’ (१९८८) ह्या सर्वांचा मूळ पुरुष. तिथे रेमंडच्या वाट्याला प्रेम म्हणून येते ते लिफ्टमधले एक चुंबन, आणि तेही भावाच्या मैत्रिणीने कणव येऊन दिलेले. त्यात दुष्टावा नाही. पण रेमंडला ते हवे होते का, हे तिने आधी विचारलेले नसते आणि आपल्यालाही विचारावेसे वाटत नाही. ‘अॅडम’ (२००९) मध्ये नायकाला निदान नोकरी, घर आणि रुसवा आहे, पण त्याचे प्रेम शेवटी त्याला माणसांत कसे वागावे हे शिकवणारी शिकवणी ठरते.

ह्या चारही चित्रपटांत आणखी एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी सवयीची झाली आहे की दिसत नाही. जोडीतला स्वमग्न माणूस एकच असतो. दुसरे माणूस स्वमग्न नसते. ते आपले असते, प्रेक्षकांचे प्रतिनिधी. त्याच्या डोळ्यांनी आपण झिलमिलला, रिझवानला, रेमंडला पाहतो, त्याच्याबरोबर चकित होतो, हेलावतो, थकतो. दोन स्वमग्न माणसे परस्परांवर प्रेम करीत आहेत आणि आपण, बाकीचे, खोलीबाहेर आहोत, हे चित्र पडद्यावर येऊ लागले की पटकथाकाराची गाळण उडते; मग गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी सांगायची?

ह्यातला काही दोष शब्दाचाही आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ओयगेन ब्लॉयलर ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्व’ ह्यावरून शब्द घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी. १९४३ साली लिओ कॅनरने तो मुलांना लावला. मराठीने त्याचे ‘स्वमग्नता’ असे निष्ठेने भाषांतर केले. आता मौज अशी, की मराठी समीक्षेत ‘आत्ममग्न’ हे कवीचे भूषण आहे. आपण आत्ममग्न कवितेवर प्रबंध लिहितो आणि त्या मग्नतेतून आलेल्या प्रेमकवितेला उत्कट म्हणतो. तोच शब्द थोडा फिरवून एखाद्या मुलाच्या कपाळी लावला, की त्याला दुसऱ्या माणसाची ओढ असूच शकत नाही असा निष्कर्ष शब्दातच भरलेला निघतो. जो स्वतःत बुडालेला आहे तो दुसऱ्यापाशी कसा येणार? मग आला तर चमत्कार! चित्रपटांना हा चमत्कार विकता येतो, कारण शब्दाने त्याची तयारी आधीच करून ठेवलेली असते.

स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन ह्यांनी २०१२ मध्ये ह्या निष्कर्षाला सुरुंग लावला. योगायोगाने हे ‘बर्फी!’चेच साल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? गैरसमज दुहेरी आहे. दोष मात्र एकाच्या नावावर लिहिला गेला. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी माहिती साखळीने पोचवायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत माहिती तितकीच नीट पोचली जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळीत. एका प्रयोगावर प्रेमाचा सिद्धान्त उभारू नये हे खरे. पण पटकथाकार ज्या गृहीतावर पोट भरतात ते डळमळीत आहे, एवढे म्हणायला तो पुरेसा आहे.

मी हे घोलवडला बसून लिहितो आहे, आणि इथे बसून हा मुद्दा समजायला प्रयोगशाळा लागत नाही. शेजारच्या बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणजे त्यांना शिक्षणाची ओढ नाही, असे त्या काळी शहाणी माणसे म्हणत. ह्या दोघींनी दिशा उलटी केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. मूल गुरे घेऊन कुरणात जात असेल तर शाळा कुरणात भरेल. अंगणवाडी आणि कुरणशाळा ह्या शब्दांमागे एवढा साधा निर्णय होता, की चालत कोणी जायचे. प्रेमपटांत हे सगळे चालणे स्वमग्न माणसाने करायचे असते. रिझवान अमेरिकाभर चालतो, अॅडम शिकवणी पूर्ण करतो. त्यांच्या अंगणापर्यंत कोणी येत नाही.

दोघेही स्वमग्न असलेली प्रेमकथा पडद्यावर नाहीच असे नाही. ‘मोझार्ट अँड द व्हेल’ (२००५) ही जेरी आणि मेरी न्यूपोर्ट ह्या खऱ्या दाम्पत्यावर बेतलेली. पटकथाकार रोनाल्ड बास, ‘रेन मॅन’च्या पटकथेतही ज्याचा हात होता. जणू सतरा वर्षांनी त्याने आपलेच उत्तर तपासून पाहिले. डोनाल्डला आकडे आणि पक्षी ह्यांचे वेड, इझाबेलला चित्रे आणि बेधडक बोलणे. एकदा ती प्रेमाने त्याचे अस्ताव्यस्त घर आवरून ठेवते, आणि तो उन्मळून पडतो, कारण त्या पसाऱ्यातच त्याची व्यवस्था होती. तिने चांगुलपणा केला, त्याला तो हल्ला वाटला, आणि दोघेही खरे आहेत. इथे खांब नाही. इथे भांडण आहे. त्याहून खोल भांडण ‘सामान्य’ दिसण्याचे. त्याला साहेबासमोर चारचौघांसारखे दिसायचे असते, तिला तसल्या दिसण्याचा तिटकारा. ऑटिझम असलेल्या दोन माणसांचे ऑटिझमविषयीच दुमत असू शकते, हे दाखवणारा चित्रपट मला महत्त्वाचा वाटतो, मग तो कलाकृती म्हणून कितीही ठिगळांचा असो, आणि भूमिका नेहमीच्या देखण्या नटांनी केलेल्या असोत.

रेचल इझ्रेलचा ‘कीप द चेंज’ (२०१७) ठिगळांचा नाही. न्यूयॉर्कमधला डेव्हिड आपण ऑटिस्टिक आहोत हे लपवू पाहतो, सक्तीने एका गटात पाठवला जातो आणि तिथे त्याला सारा भेटते. ब्रँडन पोलान्स्की आणि सामंथा एलिसोफोन हे दोघे कलाकार स्वतः ऑटिस्टिक आहेत. डेव्हिड आधी तिला कमी लेखतो. तो खोटे बोलतो, हुशारी मिरवतो, तिची लाज वाटून घेतो. म्हणजे तो वाईट प्रियकर आहे! मला हे पाहताना विलक्षण आनंद झाला. ‘स्वमग्न माणसाला खोटे बोलता येत नाही’ ह्या गोड समजुतीची ह्याहून चांगली वासलात कोणी लावलेली मी पाहिली नाही. आणि साराला शरीर आहे, इच्छा आहे, ती बोलून दाखवण्याची रीत आहे. डेव्हिडच्या आईला सारा नको असते. त्या आईचा चेहरा आपल्या ओळखीचा आहे.

आता मराठीकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. मी पाहिलेल्या मराठी कथाचित्रपटांत दोन ऑटिस्टिक प्रौढांची प्रेमकथा एकही नाही. जवळची उदाहरणे घ्यावी लागतात ती बौद्धिक अक्षमतेची किंवा मनोविकाराची, आणि ह्या गोष्टी एक नव्हेत हे बजावून मगच पुढे जायला हवे. संजय सूरकरांचा ‘चौकट राजा’ (१९९१) आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. लहानपणच्या अपघाताने बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू, त्याची बालमैत्रीण मीनल, आता विवाहित. दिलीप प्रभावळकरांच्या नंदूवर आपण प्रेम केले. मीनलच्या नवऱ्याला ही मैत्री सलते, आणि प्रेक्षकाचा कौल नंदूच्या बाजूने पडतो, तो नंदू ‘मूल’ आहे ह्या एकाच जामिनावर. त्या प्रौढ देहात एखादी प्रौढ ओढ असती तर? तर आपण नवऱ्याच्या बाजूला गेलो असतो. नंदूची निरागसता आपल्या प्रेमाची पूर्वअट होती.

जयवंत दळवींनी ही अट मोडली, हे त्यांचे धैर्य. ‘ऋणानुबंध’ कादंबरी, त्याच विषयावरचे ‘नातीगोती’ नाटक, आणि पुढे कादंबरीवरून प्रसाद ओक ह्यांनी केलेला ‘कच्चा लिंबू’ (२०१७), ज्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काटदरे दाम्पत्याचा मतिमंद मुलगा बच्चू वयात येतो आणि त्याची वासना घरातच, आईच्या अंगावर येते. मराठी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात हे उच्चारणे सोपे नव्हते. रवी जाधव आणि सोनाली कुलकर्णी ह्यांनी त्या आई-बापांचा शिणवटा असा दाखवला आहे, की त्या दोघांचा हरवलेला शृंगार ही चित्रपटातली सर्वांत करुण गोष्ट ठरते. मी ह्या चित्रपटाचा आदर करतो. आणि तरीही म्हणतो, की त्यात बच्चूची इच्छा ही निव्वळ आपत्ती आहे, पूर किंवा आग असावी तशी. तिला पत्ता नाही. तिच्या समोर कोणी समवयस्क मुलगी नाही, शाळा नाही, मित्र नाही, तिच्याविषयी त्याच्याशी बोललेले एक वाक्य नाही. चार भिंतींत कोंडलेल्या माणसाची ओढ त्या भिंतींवरच आदळणार. चित्रपट भिंतींना नियती समजतो. नंदूला इच्छा नाही म्हणून तो लाडका, बच्चूला आहे म्हणून तो भयंकर. ह्या दोहोंच्या मध्ये माणूस नावाची जागा मराठी चित्रपटाने मोकळीच ठेवली.

ती भरता येत नाही असे मात्र नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांच्या ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषच्या मनात कल्याणीची ओढ आहे, आणि चित्रपट तिला रोगाचे लक्षणही मानत नाही, निरागसही मानत नाही. ती त्याची आहे, एवढेच. अतुल कुलकर्णींच्या डोळ्यांत ती दिसते आणि आपण तिच्यापुढे अवघडून उभे राहतो. ऑटिझमच्या वाट्याला असा एक मराठी चित्रपट अजून यायचा आहे.

ह्या सगळ्याचा खऱ्या माणसांशी काय संबंध, असे विचारले जाईल. आमच्या भागातल्या एका चिकूच्या वाडीत सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक तरुण काम करतो. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आकाराप्रमाणे फळ निवडण्यात त्याचा हात धरणारे कोणी नाही, आणि घोलवडला न थांबता जाणाऱ्या गाड्या किती मिनिटे उशिरा गेल्या ह्याची वही त्याच्याकडे असते. एका प्रशिक्षणवर्गात त्याला त्याच्यासारखीच एक मुलगी भेटली, ती दूरच्या शहरात राहते. रोज रात्री ठरलेल्या वेळी तो तिला दिवसभराच्या गाड्यांचा उशीर कळवतो आणि ती त्याला तिच्या गच्चीवरचे तापमान कळवते. ह्यात गेली तीन वर्षे खंड नाही. एकदा तिचा आकडा आला नाही तर तो जेवला नव्हता. त्याच्या आईने टीव्हीवर ‘बर्फी!’ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी डोळे भरून मला म्हणाली, “सर, आमच्या पोराला असं कोणी मिळेल का हो?” मी त्या मुलीचे नाव काढले. ती चकितच झाली. “छे हो, ते गाड्यांचं? त्याला काय कळतंय त्यातलं!” ह्या आईला दोष देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. प्रेम कसे दिसते हे तिला पडद्याने शिकवले होते. आकड्यांत ते कधी दाखवलेच नव्हते.

आणि आईला जे वाटते तेच कायद्यालाही वाटत आलेले आहे. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, असे म्हटले आहे, की एखादी व्यक्ती वैध संमती देऊ शकत असली तरी विवाहाला आणि संततीला अपात्र ठरावी इतपत तिचा मनोविकार असेल तर ती अट मोडते. ‘संमती देऊ शकत असली तरी’ हे शब्द पुन्हा वाचावेत. ती हो म्हणते, तिला कळते आहे हेही मान्य, आणि तरी पात्रता दुसऱ्या कोणी ठरवायची. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझम असलेल्या प्रौढाला पालक नेमण्याची सोय केली. आईबापांच्या पश्चात काय, ह्या काळजीतून ती आली, आणि ती काळजी खोटी नाही. पण त्या पालकाने मुलाच्या प्रेमाचे काय करायचे, ह्याविषयी समाजापाशी कल्पनाच नाही.

कल्पना नसली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. कारण सांगितले गेले पाळीच्या स्वच्छतेचे आणि नको असलेल्या गर्भाचे. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ह्या मुलींना कधी कोणाची ओढ वाटेल, हा विचार त्या निर्णयात कुठेच नव्हता. विचार होता तो फक्त त्यांच्यावर होऊ शकणाऱ्या अत्याचाराचा, आणि त्यावरही उपाय अत्याचाऱ्याला रोखण्याचा नव्हता. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला लावण्यास नकार दिला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ज्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे, मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारा उपचार करायला मनाई केली. कायदा अडखळत का होईना चालतो आहे. चित्रपट अजून खांबाखाली उभा आहे.

जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा ह्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावरच्या दिव्यांग-चित्रणाविषयी काही सूत्रे घालून दिली, त्यांचे स्वागतच आहे. पण त्या वादाचे मूळ टवाळीत होते. टवाळी ओळखता येते. गोडव्याविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचे? २०२५ चा ‘सितारे जमीन पर’ दहा न्यूरोडायव्हर्जंट कलाकारांना घेऊन आला, ही मोठी गोष्ट. त्यांना पाहताना खोट्या लकबींचा अभिनय आपण इतकी वर्षे कसा सहन केला असे वाटून गेले. तरी कथेत ज्याचा संसार मोडायला आलेला असतो आणि जुळतो, तो प्रशिक्षकाचा. ही मुले त्याला शहाणे करतात. त्यांना स्वतःला संसार हवा आहे का, हा कथेचा प्रश्न नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देणार नाही. स्पेक्ट्रमवर असेही अनेक आहेत ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना रोज अंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो. त्यांच्या संदर्भात प्रेम, निवड, नकार ह्या गप्पा म्हणजे लेखकाची चैन नव्हे का? मला उलट वाटते. ज्याला शब्द नाहीत त्याचा नकार ओळखण्याची निकड सर्वांत जास्त. तो मान वळवून येतो, हात मागे घेऊन येतो, खोलीबाहेर जाऊन येतो. आमच्या तालुक्यातले गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे ह्यांच्याविषयी सांगतात, की लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि मनातले ते मातीत रेघा ओढून सांगत. त्यांना कोणतेही निदान चिकटवण्याचा गाढवपणा मी करणार नाही. पण मातीतल्या त्या रेघा वाचणारे कोणीतरी भोवती होते, म्हणून त्या पुढे कागदावर आल्या. कॅमेऱ्याला हे वाचन येऊ शकते. शब्दांवाचून नकार दाखवणे हे तर ह्या माध्यमाचे घरचे काम आहे. ‘बर्फी!’चा नायक बोलू शकत नव्हता, तरी त्याच्या मनातले एक अक्षर आपल्याकडून सुटले नाही. ती कळ झिलमिलसाठी वापरली गेली नाही.

‘नातीगोती’ शिकवणाऱ्यांनी एक करून पाहावे. काटदरे पती-पत्नीच्या शोकात्मतेवर बोलून झाले, की संहितेत बच्चू जिथे जिथे बोलतो, ओरडतो, हात पुढे करतो त्या सगळ्या जागा विद्यार्थ्यांना काढायला सांगाव्यात. प्रत्येक जागी तो काय मागतो आहे ते शेजारी लिहायला सांगावे. आणि त्याच्यापुढे, त्याला कोणी उत्तर दिले का, ते.